इस्तंबूलहून आलेली पिशवी : साबण, गुलाबपाणी, लाल तेल... कशाचं काय करायचं?

शलाका_नाशिक

नमस्कार मंडळी,

माझे धाकटे दीर कंपनीच्या कामाने इस्तंबूलला गेले होते. येताना तिथल्या मसाल्याच्या जुन्या बाजारातून पिशवीभर सामान घेऊन आले. "वहिनी, सगळं नैसर्गिक आहे, चेहऱ्याला लावा," एवढीच माहिती त्यांना देता आली. दुकानदाराने म्हणे आधी चहा पाजला. मग काय, भावजींचा हात सैल सुटला. धाकट्या जावेने आणि मी वाटणी केली, त्यात माझ्या वाट्याला हे आलं :

एक ओबडधोबड साबण, बाहेरून तपकिरी. कोपरा तुटलाय तिथे आत हिरवा दिसतो. वास काढ्यासारखा. दुसरा साबण फिकट, त्याच्यावर 'बित्तिम' असं काहीतरी लिहिलंय. गुलाबपाण्याची बाटली. लाल तेलाची छोटी बाटली, वर पिवळ्या फुलाचं चित्र आणि 'कान्तारॉन' असं नाव. आणखी एक काळपट तेल, त्याचा वास थेट कलौंजीचा. आणि एक खरखरीत कापडी हातमोजा, बोटं नसलेला.

घरात गिऱ्हाइकं तीन. सासूबाई ७४ वर्षांच्या, थंडीत पोटऱ्यांची कातडी खवल्यासारखी होते आणि खाज सुटते. मी स्वतः, गालांवर वांग. आणि लेक, अकरावीत, कपाळभर पुटकुळ्या. ती कुठलासा व्हिडिओ पाहून लिंबू आणि खायचा सोडा लावायच्या बेतात आहे, तिला मी कसंबसं थोपवून धरलंय.

कुणी तुर्कस्तानात राहिलंय का? तिथले लोक घरी हे कसं वापरतात ते हवंय. "आपलं उटणं काय वाईट आहे" हे उत्तर कृपया नको. उटणं आहे माझ्याकडे.

मुक्काम_पोस्ट_सातारा

आपलं उटणं काय वाईट आहे?

(राहवलं नाही. हातमोजा मला पाठवा, म्हशीला खरारा करायला होईल.)

इचलकरंजी_ते_डेनिझ्ली

ताई, मी राहतो तुर्कस्तानात. मूळचा इचलकरंजीचा. सूत आणि कापड यातच आयुष्य गेलं, त्याच पायी डेनिझ्लीला येऊन पडलो. हे टॉवेल आणि बाथरोबचं गाव आहे, पामुक्कालेच्या पांढऱ्या पायऱ्या इथून जवळच. अंग पुसायचं सगळं इथंच तयार होतं म्हटल्यावर अंघोळीबद्दल इथला माणूस अधिकारवाणीनं बोलणारच. मी लिहितोय त्यातलं बरंचसं आमच्या घरमालकीणबाईंकडचं आहे. त्यांना अख्खी इमारत 'तेयझे' म्हणते, म्हणजे मावशी. सत्तरी ओलांडलीय आणि गाल अजून सफरचंदासारखे आहेत. त्यामुळे त्यांचं ऐकावं लागतं.

तर पहिली गोष्ट भावजींच्या बरोब्बर उलट. हे सामान चेहऱ्याचं नाही, अंघोळीचं आहे. इथल्या जुन्या बायका तोंडाला फार काही फासत बसत नाहीत. सगळी मेहनत गरम पाण्यावर, घासण्यावर आणि साबणावर. तुमच्या यादीतली सगळ्यात मोलाची वस्तू तुम्ही शेवटी लिहिलीय, तो हातमोजा. त्याला केसे म्हणतात. (सातारकर, म्हशीला नको हो. म्हैस रुसेल.)

केसेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ते कापड आहे आणि मला दुसरं काही कळत नाही. पूर्वी कच्च्या रेशमाची किंवा शेळीच्या केसांची असायची. हल्ली बहुतेक व्हिस्कोसची असते, स्वस्तातली पॉलिएस्टरची. मेख धाग्याच्या पिळात आहे. जादा पीळ दिलेला धागा ओला झाला की आखडतो आणि कापडावर बारीक दाणा उठतो. आमच्या शेजारचं बुल्दान गाव याच पिळावर शतकानुशतकं जगतंय, फक्त त्यांचं कापड अंगाला मऊ लागतं आणि केसे घासते. तुमची कोरडी असताना कशी लागते यावर जाऊ नका. कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि मग मनगटाच्या आतल्या बाजूवर हलकी फिरवून बघा. ओरखडा उठला तर ती पॉलिएस्टरची, भांड्यांना ठेवा.

वापरायची रीत. हमामात आधी माणसाला गरम संगमरवरी ओट्यावर, गोबेक ताशीवर, झोपवून ठेवतात. पंधरा-वीस मिनिटं नुसतं घामेजायचं. मग पुरुषांकडे तेल्लाक आणि बायकांकडे नातिर येऊन केसे फिरवते. घरी ओटा नसतो, तर न्हाणीघराचं दार लावून दहा मिनिटं गरम पाणी अंगावर घेत राहायचं. त्यानंतरची गोष्ट आपले लोक हमखास उलटी करतात, म्हणून नीट वाचा : केसे फिरवताना साबण लावायचा नाही. साबण लागला की ती घसरते आणि काम होत नाही. नुसत्या ओल्या अंगावर लांब लांब हात मारायचे, गोल गोल नाही. राखाडी वळ्या निघतात. पहिल्यांदा त्या बघून माणूस स्वतःच्याच अंगाला लाजतो. मग पाणी ओतायचं आणि साबणाची पाळी त्यानंतर, तीही फेसाची. कापडी पिशवी साबणाच्या पाण्यात बुडवून, हवा भरून पिळतात आणि फेसाचा ढीगच अंगावर ओततात.

आठवड्यातून एकदा पुरे, कोरड्या कातडीला दोन आठवड्यांनी. चेहऱ्याला नाही. तुमच्या लेकीच्या कपाळाला तर अजिबात नाही, आणि सासूबाईंच्या पोटऱ्यांनाही नाही. त्या वयात कातडी पातळ होते, त्यात ती आधीच फुटलेली. म्हणजे गिऱ्हाइकांत केसे फक्त तुमच्या कामाची, गळ्याखाली.

आता हिरवा-तपकिरी साबण. तो देफ्नेचा, म्हणजे पुलावात तमालपत्राच्या जागी इंग्रजी दुकानांत जे 'बे लीफ' मिळतं त्या झाडाचा. पण पानांचा नाही, फळांचा. दक्षिणेला सीरियाच्या हद्दीवर हाताय प्रांत आहे, अंताक्या त्याचं मुख्य शहर. तिथल्या डोंगरात शरद ऋतूत ही काळी फळं गोळा करतात, पाण्यात उकळतात आणि वर येणारं हिरवं तेल काढून घेतात. ते ऑलिव्हच्या तेलात मिसळून, कॉस्टिकबरोबर कढईत शिजवून, ओतून, वड्या कापून महिनोन्‌महिने वाळवतात. बाहेरून हवेनं पिवळा-तपकिरी होतो, आत हिरवा राहतो. तुमचा कोपरा तुटलाय हे बरंच झालं, ओळख पटली. बाहेरून-आतून एकसारखा पोपटी असता तर रंग घातलेला समजायचा. देफ्नेचं तेल जितकं जास्त, तितका साबण महाग. सीरियाच्या बाजूला अलेप्पोला हाच साबण त्यांच्या नावानं विकतात आणि मूळ कुणाचा यावर दोन्हीकडचे लोक तावातावानं बोलतात. अंताक्याजवळच्या हार्बियेचे लोक तर सांगतात की ग्रीक पुराणातल्या अपोलो देवापासून पळणारी डाफ्ने परी आमच्याच धबधब्यापाशी झाड झाली. आता त्या तालुक्याचंच नाव देफ्ने आहे. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात अंताक्या जवळपास जमीनदोस्त झालं. तेव्हापासून तेयझे दुसरा साबण घेतच नाहीत. "हातायचाच द्या," म्हणतात.

दुसरा, बित्तिम, आग्नेयेकडच्या सीर्त भागातला. रानटी पिस्त्याच्या झाडाला तिकडे बित्तिम म्हणतात, याच जातीच्या खुंटावर खायच्या पिस्त्याचं कलम बांधतात. त्याच्या बारीक फळांचं तेल काढून हा साबण करतात. तो केसांचा आहे, अंगाचा नाही. सीर्तची माणसं कोंड्यावर याची शपथ घेतात. मला कोंडा नाही, केसही फारसे नाहीत, त्यामुळे अनुभव शून्य. पण एक नक्की : पाणी जड असेल तर साबणाने केस चिकट होतात. आमच्या पाण्यात इतका चुना आहे की किटलीत पापुद्रा धरतो (पामुक्काले उगाच पांढरं नाही). तेयझे केस धुतल्यावर तांब्याभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून शेवटचं पाणी त्याचं घेतात. बोअरचं पाणी असेल तर तुम्हीही करा. वास सुकल्यावर जातो.

गुलाबपाणी. इथं मला थांबवू नका.

आमच्याकडून दोन-अडीच तासांवर इस्पार्ता आहे. मेच्या मध्यापासून साधारण महिनाभर तिकडे गुलाबाचा हंगाम असतो. पहाटे दव असतानाच तोडणी सुरू होते आणि ऊन चढायच्या आत आटपावी लागते, कारण ऊन लागलं की फुलातलं तेल उडायला लागतं. गुनेयकेंट गावात हंगामात गेलात तर सकाळी आठलाच पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर वजनकाट्याकडे जाताना दिसतील. रस्ताभर वास. ही फुलं आपल्या हारवाल्याकडच्या गुलाबासारखी नाहीत. फिकट गुलाबी, पाकळ्या विस्कटलेल्या, हातात घेतली तर विशेष वाटणार नाहीत. एक किलो तेलाला साडेतीन ते चार टन फुलं लागतात. हे सगळं तिथं मुळातलं नाही. मुफ्तुझादे इस्माईल एफेंदी नावाच्या गृहस्थाने १८८८ मध्ये लागवड सुरू केली, बल्गेरियातल्या काझानलिक खोऱ्यात हा धंदा आधीपासून होता तिकडून रोपं आणून. १८९२ मध्ये त्याने पहिलं तेल काढलं. शेतकऱ्यांची सहकारी संस्था गुलबिर्लिक १९५४ मध्ये उभी राहिली. इस्पार्तात मी साखर कारखाना आणि दूध संघाच्या भाषेत प्रश्न विचारले की तिथल्या लोकांना नवल वाटतं. काटा, दर, उचल, थकबाकी, सगळं ओळखीचं.

फुलं आणि पाणी भट्टीत उकळून वाफ थंड केली की वर तेल तरंगतं. ते काढून घेतल्यावर जे सुगंधी पाणी उरतं ते खरं गुलाबपाणी. ते पाण्यासारखं बिनरंगी असतं. तुमची बाटली गुलाबी असेल तर ती प्लास्टिकची गुलाबी आहे की आतलं पाणी, ते बघा. मग मागचं लेबल. घटकांत 'रोझा डमासेना' फुलांचं पाणी एवढंच असेल तर उत्तम. 'आक्वा' आणि 'पारफ्युम' असेल तर ते पाणी आणि अत्तर, बाकी काही नाही. खऱ्यालाही फोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. त्यात टिकाऊ द्रव्य नसलं तर ते नासतं.

काम काय करतं? तोंड धुतल्यावर गार वाटतं, वास छान येतो. वांग जाणार नाही. तेयझे ते रमजानमध्ये गुल्लाच नावाच्या दुधातल्या गोडात घालतात आणि घरी मेव्हलितचं, म्हणजे प्रेषितांच्या जन्मावरच्या काव्याचं, पठण असलं की आल्यागेल्यांच्या हातावर शिंपडतात, आपल्याकडे लग्नाच्या दारात गुलाबदाणी असते तसंच. चेहऱ्याला लावताना मी त्यांना क्वचितच पाहिलंय. आणि खरं सांगायचं तर चांगलं गुलाबपाणी नाशकात बसूनही मिळेल. याच जातीचा गुलाब हाथरस-अलीगढकडे होतो आणि कनौजला त्याचं पाणी काढतात.

लाल तेल. हे सारी कान्तारॉन, इंग्रजीत सेंट जॉन्स वॉर्ट. जून-जुलैमध्ये पिवळी फुलं येतात, ती ऑलिव्हच्या तेलात बरणीत भरून खिडकीत उन्हात ठेवतात, काही आठवड्यांत तेल माणकासारखं लाल होतं. आमच्या गल्लीत निम्म्या खिडक्यांत बरण्या दिसतात. कापलं, भाजलं, खरचटलं की हेच. पण वांगावर लावून उन्हात जाऊ नका. का, ते इथं कुणी रसायनवाला असेल तर तो सांगेल, मला फक्त तेयझेचा नियम माहीत आहे : रात्री लावायचं, सकाळी धुवायचं.

कलौंजीचं तेल ते कलौंजीचं तेलच. इथं पोआचा नावाच्या खाऱ्या बनावर आणि पावावर बी भुरभुरतात, आपण नानवर. तेल काढलं म्हणून ते वेगळं होत नाही. लोणच्यात घाला म्हणणार होतो, पण बाटली खायची आहे की लावायची ते बघूनच.

जेवायची वेळ झाली. काही राहिलं असेल तर विचारा.

अंबरनाथचा_लॅबवाला

वरचा प्रतिसाद उत्तम. रसायनवाल्याला हाक मारलीय म्हणून आलो. साबण आणि सौंदर्यप्रसाधनांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी केली, आता निवृत्त.

लाल तेलात हायपरिसिन असतं. ते प्रकाश पडला की चाळवतं आणि कातडी उन्हाला जास्त हुळहुळी होते. शलाकाताई, वांग हा मुळात उन्हावर पोसणारा विकार, त्यावर हे लावणं म्हणजे शत्रूला रसद. तुम्हाला रंगछटा असलेलं सनस्क्रीन हवं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. वांगाला नुसते अतिनील किरणच नाही, दिसणारा उजेडही चेतवतो आणि तो आयर्न ऑक्साइड अडवतं. हे तुर्की नाही, पण काम करतं. आणि हीच वनस्पती पोटात घ्यायच्या गोळ्यांतही येते, ती गर्भनिरोधक, रक्त पातळ करणाऱ्या आणि नैराश्याच्या औषधांशी भांडते. बाटलीवर पिण्याबद्दल काही लिहिलं असलं तरी घरात कुणी पिऊ नये.

साबण कितीही पारंपरिक असला तरी क्षारधर्मी असतो, सामू (पीएच) ९ ते १०. कातडीचा ५ च्या आसपास. म्हणून सासूबाईंच्या पोटऱ्यांवर कुठलाच साबण नको, हातायचाही नाही. काखा, जांघा, पावलं एवढ्याच जागी. अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात, आणि अंग ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली चोळा. दोन आठवड्यांत खाज थांबली नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या आणि साखर तपासली नसेल तर तीही तपासा.

देफ्नेच्या तेलाची काहींना ॲलर्जी येते. युरोपीय संघात देफ्नेच्या बियांचं तेल सुगंधासाठी वापरायला मनाई आहे. साबण शिजताना तेलाचं रूप बदलतं, त्यामुळे साबणावर ती बंदी नाही, पण कोपराच्या आत दोन-तीन दिवस लावून बघितल्याशिवाय अंगभर नको. कलौंजीचं तेल चेहऱ्यावर थेट लावून पुरळ उठल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, लेकीला ते देऊ नका.

आणि लिंबू-सोडा : लिंबू आम्ल, सोडा क्षार, एकत्र केले की फेस येतो आणि मुलींना वाटतं काहीतरी घडतंय. वेगवेगळे लावले तर दोन्ही कातडीला झोंबतात. लिंबाच्या सालीतली द्रव्यं अंगावर राहून ऊन लागलं तर फोड येतात आणि मग काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. तिला सौम्य फेसवॉश द्या आणि डॉक्टरांना विचारून ॲडापलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड सुरू करा.

शेवटचं : ऑलिव्हचं तेल कोरड्या कातडीला उत्तम ही समजूत जगभर आहे. त्यात ओलेइक आम्ल निम्म्याहून जास्त असतं आणि ते कातडीचं वरचं आवरण सैल करतं. इसब असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळांच्या मालिशीला टाळावं.

इचलकरंजी_ते_डेनिझ्ली

लॅबवाले, तुमचं सगळं मान्य, पण ऑलिव्हच्या तेलाबद्दलचं हे शेवटचं वाक्य तेयझेंना सांगायची माझी हिंमत नाही. आयवालिकला त्यांच्या भावाची ऑलिव्हची झाडं आहेत. घरभाडं वाढेल.

शलाका_नाशिक

दोघांचेही मनापासून आभार. बाटली बघितली. पाणीच गुलाबी आहे. मागे बारीक अक्षरांत 'आक्वा', 'पारफ्युम' आणि पुढे एक नंबर आहे. भावजींना अजून सांगितलेलं नाही.

लेकीला लॅबवाल्या काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. लिंबू फ्रिजमध्ये परत गेलं.

केसेची मनगटावर परीक्षा झाली, पास आहे. रविवारी बघू.

आता जाऊच इथे येतेय, तिच्या वाट्याचं सामान आणखी गूढ आहे.

धाकटी_जाऊ

नमस्कार. ताईंनी हा धागा दाखवला म्हणून खातं उघडलं. माझ्या वाट्याला : मोठ्या डब्यात मधासारखा पिवळट लिबलिबित साबण, नाव 'आराप साबुनु'. कोलोन्या नावाची मोठी बाटली, लिंबाचा वास. हिरवट मातीची पुडी. आणि एका बरणीत काळपट मधासारखा पाक, 'आदा', ज्यात आता साखरेचे खडे झालेत.

साबुनु चेहऱ्याला लावायला चांगला वाटतोय, मऊ आहे. लावू का? आमचे हे म्हणतात दुकानदाराने सगळ्यात नैसर्गिक म्हणून तोच दिला.

इचलकरंजी_ते_डेनिझ्ली

नका लावू! वहिनी, तो फरशीचा आहे.

दुकानदार खोटं बोलला नाही. आराप साबुनु वनस्पती तेलाचाच असतो. फक्त त्यात कॉस्टिक सोड्याऐवजी पोटॅशचा क्षार वापरतात, म्हणून तो वडी न धरता असा लिबलिबित राहतो. इथं प्रत्येक घरात असतो. फरशी, लाकडी दारं, ओटा, पायपुसणी. अर्ध्या बादली कोमट पाण्यात एक मोठा चमचा. गालिचा धुवायलाही चालतो. फरशी निसरडी होते, म्हणून नंतर साध्या पाण्याने एकदा पुसून घ्या. सासूबाई घरात आहेत.

कोलोन्या म्हणजे ८० टक्के अल्कोहोल असलेलं लिंबाचं पाणी. पाहुणा आला की आधी हातावर कोलोन्या, मग चहा. लांब पल्ल्याच्या बसमध्येही बसवाल्याचा मदतनीस सगळ्यांच्या तळव्यांवर ओतत फिरतो. न्हावी दाढी झाली की गालांवर सपकन मारतो आणि माणूस जागा होतो. तुम्ही हातांनाच ठेवा. कोरड्या चेहऱ्याला नको, आणि गॅसजवळ तर बाटलीच नको, पेटते.

माती हमामातली असणार. जुन्या बायका ती डोक्याला लावायच्या, मुलतानीसारखीच कामाची. तेलकट केसांना भिजवून पाच मिनिटं, वाळू न देता धुवा. मातीवरून आठवलं : पामुक्कालेजवळ काराहायित नावाचं गाव आहे, तिथं जमिनीतून लोखंडाचं लाल गरम पाणी येतं आणि पर्यटक त्याचा चिखल अंगभर थापून फोटो काढतात. सांधेदुखीवाली म्हातारी माणसं तासन्‌तास पाय सोडून बसतात, त्यांना बरं वाटतं, त्याबद्दल मी बोलणार नाही. पण हॉटेलवाले ते डाग पडलेले टॉवेल आमच्याकडे परत पाठवतात आणि म्हणतात रंग कच्चा आहे! लोखंडाचा डाग आहे तो, ऑक्झॅलिक आम्लाशिवाय हलत नाही, आणि ब्लीच टाकलं तर आणखी पक्का बसतो. कधी गेलात तर स्वतःचा जुना पंचा न्या.

आणि आदा. तो नको असलेले केस काढायचा साखरेचा पाक. साखर, लिंबू, पाणी, एवढंच. लिंबाचं आम्ल साखरेचे दोन तुकडे करतं म्हणून पाक गोठून खडे होत नाहीत. तुमच्यात खडे झालेत म्हणजे लिंबू कमी पडलं किंवा विमानाच्या सामानात थंडी लागली. टाकू नका. बरणी गरम पाण्यात ठेवून पाक सुटा करा, स्टीलच्या पातेल्यात घ्या, दोन चमचे पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला आणि मंद आचेवर पुन्हा शिजवा. आपल्या लाडवाच्या गोळीबंद पाकाच्या जरा पुढे, रंग गडद मधासारखा झाला की उतरवा. पुरता निवू द्या. इथंच लोक घाई करून हात भाजून घेतात. निवल्यावर ओल्या बोटांनी मळून गोळा करा, केसांच्या उलट दिशेनं पसरवा आणि केसांच्या दिशेनं झटक्यात ओढा. आधी थोडी पावडर लावलीत तर धरतं बरं. पाण्यात विरघळतो, त्यामुळे चिकटलेला भाग नुसत्या कोमट पाण्याने निघतो.

त्याच दिवशी केसे नाही. पुढचे दोन दिवसही नाही.

धाकटी_जाऊ

पावडर कुठली? टाल्कम चालेल का कॉर्नफ्लोअर?

इचलकरंजी_ते_डेनिझ्ली

तेयझेंना विचारलं. कॉर्नफ्लोअर म्हणाल्या. आणि पाकात पाणी जास्त घालू नका म्हणाल्या, सोसायटीतल्या पोरी दरवेळी तेच करतात.